खाणीतलं पाणी आणि स्कूबा: पुण्यात हमखास विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली जायला शिकवतो म्हटलं की समोरचा आधी हसतो. मग विचारतो, "समुद्र कुठाय?" आणि दोन मिनिटांनी हमखास विषय निघतो तो खाणीचा. आमच्या इकडे एक खाण आहे, पाणी एकदम निळंशार, तिथे जमेल का? गेली काही वर्षं हेच प्रश्न फोनवर, पूलच्या काठावर आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकतोय. म्हणून एकदाच लिहून काढतो.

वाघोली, लोणीकंद, मोशीकडच्या खाणींत एवढं पाणी येतं कुठून?

आपला दगड काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. अखंड दगडातून पाणी झिरपत नाही, पण त्याला भेगा असतात आणि दोन थरांच्या मधे सच्छिद्र पट्टा असतो. खाण चालू असते तोवर पंप लावून पाणी उपसतात. काम थांबलं, पंप निघाला की दोन-तीन पावसाळ्यांत खड्डा भरतो. खालून दगड घट्ट, त्यामुळे भरलेलं पाणी उन्हाळ्यातही फारसं हटत नाही.

याच दगडाच्या पोकळ्यांत सुंदर स्फटिक सापडतात. वाघोलीच्या खाणींतलं निळंगर्द कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. आपण मात्र वाघोली म्हटलं की खडीचे डंपर आणि ट्रॅफिक एवढंच ओळखतो.

मग तिथे जाऊन डाइव्ह मारता येईल का?

उठून जायचं आणि उतरायचं, असं नाही. खाण कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, नाहीतर सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने दिलेली असते. पडीक दिसते म्हणजे ती बेवारस नसते. मालकाची लेखी परवानगी, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला कल्पना, काठावर दोर आणि ऑक्सिजन घेऊन बसलेला माणूस आणि पाण्यात उतरणारे सगळे प्रमाणपत्रधारक. एवढं जुळलं तर विचार करा. यातलं एक जरी नसेल तर माझं उत्तर "नाही" आहे, आणि तुम्ही तीनदा विचारलंत तरी मी ते बदलत नाही.

तिकीट काढून उतरता येईल, सिलिंडर भरून मिळेल, बचाव पथक हजर असेल, अशी तयार डाइव्ह साइट पुण्याजवळ नाही.

परदेशात तर खाणींमध्येच शिकवतात ना?

हो, आणि चांगलं शिकवतात. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरला स्टोनी कोव्ह म्हणून ग्रॅनाइटची खाण आहे. १९५८ मध्ये काम थांबलं, झऱ्यांनी ती भरली आणि पुढे उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणारे पाणबुडे तिथे तयार झाले. आज तिथे वेगवेगळ्या खोलीचे टप्पे आहेत, तळाशी मुद्दाम बुडवलेली टगबोट आहे, वर कॅन्टीन आहे. जर्मनीत हेमूरला सिमेंटसाठी चुनखडी काढलेल्या खाणीचा साठेक मीटर खोल तलाव झालाय. पोलंडच्या क्राकूव्ह शहरात झाक्शुवेक नावाची चुनखडीची खाण आहे, तिथे डायव्हिंग तर चालतंच, शिवाय २०२३ मध्ये महापालिकेने काठावर पोहण्याची सोय असलेलं उद्यान सुरू केलं.

आता फरक बघा. तिथे खाण "वापरात" आहे. पाण्यात उतरायला पायऱ्या किंवा लाकडी धक्का आहे, खोलीचे नकाशे आहेत, तळातलं भंगार काढलंय किंवा निदान कुठे काय आहे ते माहीत आहे. आपली खाण म्हणजे शेवटच्या सुरुंगाच्या दिवशी जशी सोडली तशीच वरून पाण्याने झाकलेली.

चांगली पोहणारी पोरंसुद्धा खाणीत का बुडतात?

हा प्रश्न स्कूबाचा नाही, पण या पानावर सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. दर उन्हाळ्यात बातमी येते, तीन-चार ओळींची, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "पाण्याचा अंदाज न आल्याने". अंदाज का येत नाही ते नीट समजून घ्या.

नदीला, धरणाला उतार असतो. खडकवासल्याच्या काठाने आत गेलात तर पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत असं चढत जातं. खाण टप्प्याटप्प्याने उभी कापलेली असते. आत जायला उतार एकच, डंपर ये-जा करायचे तो रस्ता, आणि तो पाण्याखाली गेलेला. पोरं त्याच रस्त्यावरून आत चालत जातात. पाणी कमरेएवढं, मजा चालू. आणि रस्त्याच्या कडेवरून एक पाऊल बाजूला पडलं की खाली दहा-पंधरा मीटर. वर यायचं म्हटलं तर भिंत उभी, शेवाळाने बुळबुळीत, पकडायला खोबण नाही.

दुसरी गोष्ट गारव्याची. एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी कोमट लागतं. चार-पाच मीटर खाली मात्र थंडीत गार झालेलं जड पाणी तसंच बसलेलं असतं, कारण खड्ड्याच्या भिंतींमुळे वाऱ्याने ते ढवळलं जात नाही. वरून सूर मारणारा माणूस थेट त्या थरात शिरतो. अचानक गार पाणी लागलं की माणूस आपोआप आत श्वास ओढतो. डोकं पाण्याखाली असताना तो श्वास कशाचा असेल, सांगायला नको.

आणि एक बुडाला की दुसरा वाचवायला उडी मारतो. मग बातमीत दोन नावं येतात. उडी मारू नका. ओढणी, दोर, लांब काठी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, स्कूटरची स्टेपनी, जे हाताशी येईल ते फेका, काठावर पालथे पडून हात द्या. आणि लगेच ११२ किंवा १०१ लावा.

तुमचा ऑक्सिजनचा सिलिंडर किती वेळ पुरतो?

तो ऑक्सिजनचा नसतो. वर्तमानपत्रांनी लावलेली ही सवय काही केल्या जात नाही. सिलिंडरमध्ये आपण आत्ता घेतोय तीच हवा असते, गाळून आणि दाबून भरलेली, ऑक्सिजन २१ टक्के. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलात तर तो विषारी ठरायला लागतो, पाण्यातच झटके येऊ शकतात.

किती वेळ पुरतो याचं गणित सोपं आहे. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११ लिटरचा. २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दोनशेपट दाबाने भरला की २२०० लिटर हवा. त्यातले शेवटचे ५० बार राखीव, त्यांना हात लावायचा नाही. उरले १६५० लिटर. शांतपणे श्वास घेणारा माणूस वर मिनिटाला २० लिटर वापरतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर, म्हणजे चाळीसेक मिनिटं. वीस मीटरवर तिप्पट, म्हणजे २७ मिनिटं. नवशिका घाबरलेला असतो, धापा टाकतो, त्याची हवा याच्या निम्म्या वेळात संपते.

पुणे उंचावर आहे, त्याने काही फरक पडतो?

पडतो, आणि हा मुद्दा समुद्रावर शिकून आलेल्या भल्याभल्यांना माहीत नसतो. किती खोल किती वेळ राहायचं हे सांगणारी डायव्हिंगची नेहमीची कोष्टकं समुद्रसपाटी धरून केलेली असतात. ३०० मीटरच्या वर गेलात की त्याला उंचीवरचं डायव्हिंग म्हणतात. पुणे आहे ५६० मीटरवर. म्हणजे वाघोलीची खाण असो की मोशीची, ते शास्त्राने उंचीवरचंच डाइव्ह.

होतं असं की खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन शरीरात विरघळतो. वर येताना तो हळूहळू बाहेर पडायला हवा. घाई केली तर बुडबुडे होतात, सोड्याच्या बाटलीचं बूच झटक्यात उघडल्यासारखे. समुद्रावर वर आलात की हवेचा दाब पूर्ण एक वातावरण मिळतो. पुण्यात तो जेमतेम ०.९३ ते ०.९४ असतो. बाटलीचं बूच थोडं जास्तच उघडलं म्हणा ना. गोड्या पाण्याची घनता कमी, त्याची थोडी सूट मिळते, तरी पुण्यातलं १८ मीटरचं डाइव्ह समुद्रावरच्या सुमारे १९ मीटरसारखं धरावं लागतं. आकडा छोटा वाटेल. पण १८ मीटरचं प्रमाणपत्र खिशात आणि खाण १८ मीटर खोल, अशा वेळी तो छोटा राहत नाही. मनगटावर बांधायचा डाइव्ह कॉम्प्युटर असेल तर त्यात उंचीची सेटिंग आहे का आणि ती आपोआप बदलते की हाताने करावी लागते, हे घरी बसून पुस्तिकेत वाचा.

शिवाय एक गंमत. पुण्यात राहणाऱ्याचं शरीर इथल्या दाबाला मुरलेलं असतं. त्याच सकाळी मुंबईहून घाट चढून आलेल्याच्या अंगात मात्र जास्तीचा नायट्रोजन असतो. त्याने एकतर सहा तास थांबायचं, नाहीतर कोष्टकात अंगातल्या नायट्रोजनचे जे गट असतात, ते दर ३०० मीटरमागे दोनने वाढवून धरायचे. मुंबईकर पाहुण्याला "आधी जेवून, झोपून घे" असं सांगायला पुणेकराला शास्त्रीय कारण मिळाल्याचा हा एकमेव प्रसंग असावा. वेळ मात्र आपसूकच दुपारी एक ते चारची येते.

तारकर्लीला डाइव्ह करून त्याच दिवशी गाडीने पुण्याला निघालो तर?

नका निघू. विमानाचा नियम सगळ्यांना पाठ असतो, घाटाचा कुणाच्या ध्यानात येत नाही. आंबोली जवळजवळ सातशे मीटरवर आहे. विमानासाठी एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि लागोपाठ अनेक डाइव्ह केले असतील तर निदान १८ तास थांबायला सांगतात. तोच नियम घाटाला लावा. रविवारी सकाळचं डाइव्ह टाळा, किल्ला बघा, सोलकढी प्या. मालवणात वेळ घालवायला कारणं कमी नाहीत.

खाणीत खाली दिसतं तरी काय?

एका ओळखीच्यांच्या जमिनीवरच्या बंद खाणीत आम्ही चौघं रीतसर विचारून उतरलो होतो, डिसेंबरात. आदल्या दिवशी सुतळीला लोखंडी नट बांधून, दर मीटरला गाठ मारून खोली मोजली. चार ठिकाणी चार आकडे आले, सहा, चौदा, पुन्हा चौदा आणि एकोणीस. म्हणजे मधे टप्पा आहे, हे सुतळीनेच सांगितलं. मग बोयाला जाड दोर बांधून त्याच्याच आधाराने खाली.

पहिले तीन मीटर हिरवं. मग पाणी जरा निवळलं आणि भिंत समोर आली. तिच्यावर वरपासून खालपर्यंत हातभर अंतरावर उभ्या पन्हळी, एकसारख्या. मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, ही सुरुंगाची भोकं. जंपरने पाडलेलं भोक, दारू उडाल्यावर अर्धं दगडाबरोबर गेलेलं आणि अर्धं भिंतीत राहिलेलं. मी त्यात बोट घातलं. आतला दगड अजून खरखरीत होता, शेवाळ तिथवर पोचलं नव्हतं. ज्याने ते पाडलं तो माणूस कानाला फडकं बांधून नेमक्या याच जागी उभा असणार, कोरड्यात.

टप्प्यावर एक घमेलं, पाइपचा तुकडा, टायर. मासे म्हणाल तर चिलापी, झुंडीने. काठाला एक दिवड, म्हणजे पाण्यातला साप. बिनविषारी असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका, तोही येत नाही.

मग मी माती खाल्ली. फोटोसाठी जरा खाली झुकलो आणि पायातली फिन तळाला लागली. खाणीच्या तळाशी वाळू नसते, क्रशरची चुरी आणि पिठासारखी दगडी भुकटी बसलेली असते. ढग उठला आणि दोन सेकंदांत माझ्या मनगटावरचा कॉम्प्युटर मला दिसेना. डावा हात दोरावर होता म्हणून दिशा कळत होती. अंगठा आणि तर्जनीचं कडं दोराभोवती केलं आणि सावकाश वर आलो, मिनिटाला नऊ मीटरच्या आत. वर बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, वाट बघत होता. त्याने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. चहा प्यायल्यावर सांगितलं.

तळाशी धोक्याचं काय असू शकतं?

तारा, सळया, केबल, झाडांच्या फांद्या, मासे धरणाऱ्यांची तुटलेली जाळी. जाळी सगळ्यात वाईट, नायलॉन पाण्यात दिसत नाही. कापायला लहान सुरी किंवा कात्री हाताला येईल अशी हवी, पायाला बांधलेली शोभेची नको. पुण्याच्या आसपास काही खाणींत संकलित गणेशमूर्ती विसर्जित करतात. प्लास्टर ऑफ पॅरिस विरघळत नाही, आतला काथ्या आणि लोखंड सुटं होतं. अशा खाणीत उतरूच नये. श्रद्धेचा भाग वेगळा, अडकण्याचा वेगळा.

खोल तळाला सडक्या अंड्यासारखा वास मास्कमधूनही जाणवला तर तिथे प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइड तयार झालेला असतो. लगेच वरच्या थरात यायचं.

पाणी निळं आहे म्हणजे स्वच्छच ना?

इंग्लंडमध्ये बक्स्टनजवळ एक चुनखडीची जुनी खाण आहे, हार्पर हिलला. पाणी इतकं सुंदर निळं की लोक उन्हाळ्यात पोरांना घेऊन पोहायला जायचे. त्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ११.३ होता. ब्लीचच्या जवळपास. पाट्या लावून कुणी ऐकेना, तेव्हा २०१३ मध्ये तिथल्या प्रशासनाने चक्क पाण्यात काळा रंग ओतला. गर्दी ओसरली. पाट्यांचा उपयोग होत नाही हे ऐकून पुणेकराला वाईट वाटेल.

आपल्या बेसाल्टमध्ये तो चुन्याचा त्रास नाही. आपल्याकडे प्रश्न बाहेरून येणाऱ्या गोष्टींचा, टँकरने रात्री ओतलेलं सांडपाणी, राडारोडा, काठावर बसणारी गुरं. पावसाळ्यात आणि लगेच नंतर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, अंगावर जखम असेल तर जास्तच. पाण्यात जाऊन आल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "खाणीच्या पाण्यात उतरलो होतो" हे आपणहून सांगा.

कुठला महिना बरा?

डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाचा गाळ बसलेला असतो आणि शेवाळ अजून वाढलेलं नसतं. पाणी गार असतं, पाच मिलिमीटरचा वेटसूट घाला.

समुद्रात सहा किलो वजन लावतो, इथेही तेवढंच?

नाही. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड. तुम्ही आणि तुमचं सामान मिळून शंभर किलो असाल तर अडीच किलो शिसं कमी करा. तेवढंच ठेवलंत तर दगडासारखे तळाला जाल, आणि तळाला काय असतं ते वर सांगितलंच.

शिकायचं कसं? पोहता यायलाच हवं?

यायला हवं. पहिल्या, म्हणजे ओपन वॉटर कोर्सला साधारण २०० मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं करून दाखवावं लागतं. वेळेची अट नाही. वयाची अट दहा वर्षं, पण पंधरापर्यंत ज्युनियर. थिअरी आणि पूलमधला भाग पुण्यात होतो, मग चार डाइव्ह समुद्रात. त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाता येतं, पुढच्या कोर्सनंतर ३०. दमा, फिट्स, कानाचं ऑपरेशन, हृदयाचं काही असेल तर आरोग्याच्या फॉर्मवर खरं लिहा. तो फॉर्म आमच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

किनाऱ्यावर "पोहता येत नसलं तरी चालेल" म्हणून पंधरा मिनिटं खाली नेऊन फोटो काढून देतात, त्याला डायव्हिंग शिकणं म्हणत नाहीत. तो अनुभव छान असतो, पण त्या जोरावर खाणीत उतरायचे बेत आखू नका. असा फोन महिन्यातून एक तरी येतो.

काही झालंच तर?

सांधे दुखणं, मुंग्या येणं, चक्कर, अंगावर चट्टे, नुसता भयंकर थकवा, ही सगळी बुडबुड्यांची लक्षणं असू शकतात आणि ती काही तासांनीही येतात. माणसाला आडवं करा, पाणी प्यायला द्या आणि इथे मात्र खराखुरा शुद्ध ऑक्सिजन लावा. १०८ ला फोन करा. उपचार दाबाच्या चेंबरमध्ये होतात. नौदलाच्या कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात ती सोय आहे. आधी जवळच्या रुग्णालयात, तिथून डॉक्टरांनी बोलून पुढे. स्वतः गाडी काढून एक्स्प्रेस वेवर धावत सुटू नका, वाटेत लोणावळा पुण्याहून उंच आहे.

आमच्या गावच्या खाणीत मोबाइल पडलाय, काढून द्याल का?

नाही. सोन्याची साखळी, गाडीची किल्ली, ड्रोन यांनाही तेच उत्तर. माणूस असेल तर ११२, मग ते अग्निशमन दलाला, गरज पडली तर सुदुंबऱ्याच्या एनडीआरएफला बोलावतील. मोबाइलचा विमा बघा.